झोप पुरेना

सोमवार, १० जानेवारी १९६६

हुद्दार सरांनी आज ससे माझ्या हवाली केले. औषधशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागल्यापासून मी बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं आणि पोरांच्या वह्या तपासणं यापलीकडे काही केलं नव्हतं. आता स्वतःचा प्रयोग. प्रयोगाचं काम लिहायची वही वेगळी आहे, तिच्यात मनातलं लिहिता येत नाही, म्हणून ही.

काम असं आहे. सशाच्या कानाच्या कडेला शीर असते, तिच्यातून पेंटोबार्बिटोन द्यायचं. हे बार्बिट्युरेट जातीचं गुंगीचं औषध. ससा झोपला की त्याला पाठीवर निजवायचं. शुद्ध आली की तो आपणहून पालथा होतो, पायांवर येतो. तो कधी पालथा होतो ते बघायचं. मग तेच औषध, तितकंच, पुन्हा.

पहिल्या सशाला टोचताना मी दोनदा सुई मागं घेतली. प्राण्यांची खोली सांभाळणारा नाथाजी म्हणाला, "बाई, त्यो तुमास्नी भ्यालाय. तुमी त्येला भिऊन कसं चालंल?" शीर तिसऱ्या खेपेला सापडली. ससा इतका मऊ पडला की मला वाटलं मेला. नंतर पालथा झाला तेव्हा मी एकटीच हसले.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. आष्ट्याला घरी आले. धर्मांतरापासून आबांनी घरातले सण बंद केलेत, पण वैनीनं गुळाची पोळी केलीच. सण नव्हे, पोळी, असं म्हणाली.

दादा गुंडाअण्णांच्या उसाच्या फडावरून आला. पाचटानं हात ओरबाडलेले. मी सशांचं सांगितलं तर भाकरी हातात धरून ऐकत राहिला.

"सशाला झोपवायला कालेज लागतंय व्हय? आमच्या शिवारात तर दीस उगवला तरी झोपल्यालं असत्यात."

"अरे, ती झोप वेगळी."

"झोपंत बी येगळं हाय?" मग आबांकडे वळून, "आबा, पोरगी लय शिकली आपली. आता झोप शिकाय लागली."

मुंबईला शिकायला जाताना माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आला होता तो हाच. तेव्हाही असंच काहीतरी बोलून हसवलं होतं.

बुधवार, १९ जानेवारी

काहीतरी चुकतंय असं आधी वाटलं. पहिल्या खेपेला पार संध्याकाळपर्यंत पडलेला ससा आज लवकर पालथा झाला. औषध तेवढंच, शीर बरोबर सापडलेली. दुसराही तसाच. तिसऱ्यानं तर मी पाठ फिरवते तोवर कूस बदलली. औषध खराब झालं असेल म्हणून नवी बाटली फोडली, तेच.

घाबरत घाबरत सरांना सांगितलं. सर एकदम खूश. "कांबळेबाई, हेच तर बघायचं होतं!"

मंगळवार, २५ जानेवारी

जागं होताना सशाचं रक्त काढून तपासलं. पहिल्या खेपेला जागा झाला तेव्हा रक्तात जेवढं औषध होतं, त्याहून जास्त औषध दुसऱ्या खेपेला रक्तात असतानाच तो जागा होतो. म्हणजे औषध आहे आणि ससा जागाही आहे. मी दोनदा तपासलं.

"मेंदूला सवय लागते," सर म्हणाले. "दारूड्याला वर्षं लागतात. याला दिवससुद्धा लागत नाही."

"मग औषध वाढवलं तर?"

"देऊन बघा."

वाढवलं. पहिल्यासारखे झोपले. पण दोन ससे पुन्हा उठलेच नाहीत. श्वास थांबला. मला वाटलं मी पिचकारी घाईनं दाबली. सर म्हणाले, नाही, तुमची चूक नाही. झोपेची सवय लागते, तितकी सवय श्वासाला लागत नाही. झोपवण्याचं औषध आणि मारण्याचं औषध यांच्यामधली गल्ली अरुंद होत जाते.

गल्लीची उपमा मला फार आवडली. निबंधात घालता येईल.

रविवार, ३० जानेवारी

दादाला इथं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात आणलंय. धनुर्वात.

मागल्या आठवड्यात फडात तोडलेल्या उसाचा बुडखा टाचेत घुसला होता. बुडखा म्हणजे कोयत्यानं तिरका कापलेला खुंट, सुरीसारखा. वैनीनं हळद-चुना भरला. जखम भरल्यासारखी झाली. काल दातखीळ बसली, भाकरी चावेना. वैनीला वाटलं दाढ दुखते. आज पहाटे पाठ ताठ झाली, तेव्हा गुंडाअण्णांनी उसाचा ट्रक रिकामा करून त्यात घालून आणलं. माझ्या खोलीवर निरोप आला आणि मी चप्पल न घालताच धावले.

दारातून बघितलं तर हसत होता. मला वाटलं, एवढं काही नाही, गंमत चाललीय. जवळ गेले तेव्हा कळलं, ते हसू नव्हे. तोंडाचे स्नायू तसे ओढले गेलेत.

"माले," दातांतूनच बोलला, "भाकरी चावंना गं."

बाहेर कुणाच्या हातून पत्र्याचा ट्रे पडला. त्या आवाजानं दादाची पाठ कमानीसारखी उचलली गेली. फक्त डोकं आणि टाचा खाटेला टेकलेल्या. शुद्ध पूर्ण होती. डोळे माझ्याकडेच.

धनुर्वाताच्या विषावरचं प्रतिविष दिलं, जखम कापून धुतली, पेनिसिलिन. खोलीला काळे पडदे लावलेत. आवाज करायचा नाही. आणि झटके येऊ नयेत म्हणून झोपेचं औषध: फेनोबार्बिटोनची सुई, झटका आला की शिरेतून पेंटोथाल.

सोमवार, ३१ जानेवारी

दादा झोपला. दिवसभर झोपला. एकच बारीक झटका.

भूल देणारे डॉ. कुलगोड त्याच्याकडे बघतात. बेळगावकडचे आहेत, कमी बोलतात. त्यांच्या हातातल्या कुप्या बघून मला धीर आला. सगळी ओळखीची नावं. आबांना म्हटलं, "आबा, ही औषधं माझ्या कपाटात असतात. मला ठाऊक आहेत." आबांनी व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना सांगितलं की आकारामला मालाच्या कपाटातलं औषध चालू हाय. त्यांच्या आवाजातला अभिमान ऐकून मला लाजही वाटली, बरंही वाटलं.

बुधवार, २ फेब्रुवारी

आज चांगली बातमी. दुपारची सुई दिल्यावर दादा अपेक्षेपेक्षा बराच लवकर जागा झाला. डोळ्यांनी पाण्याचा तांब्या दाखवला. कापसानं ओठ ओले केले.

ऊस तोडणारं अंग आहे, ते विषाशी झुंजतंय. वैनीला बाहेर येऊन सांगितलं, "वैनी, दादा लवकर शुद्धीवर यायला लागलाय." मुक्तावैनीनं चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. म्हणाली, "मग मी आज दोन घास खाते वन्सं."

लगेच मोठा झटका आला, पुन्हा सुई द्यावी लागली. पण जागा झाला हे खरं.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

सकाळी आणखी लवकर जागा झाला. दुपारी त्याहून लवकर.

खाणावळीत जेवायला बसले होते. वाढप्यानं आमटी वाढली आणि माझा हात तसाच राहिला. दादा बरा होत नाहीये. ससे.

एवढं साधं मला काल दिसलं नाही. मीच रक्त तपासलं होतं. मीच वैनीला जाऊन सांगितलं की चांगलं चाललंय, आणि तिनं त्यावर जेवण केलं.

ताटावरून उठून हुद्दार सरांकडे गेले. त्यांना दादाच्या जागं होण्याच्या वेळा सांगितल्या.

"सर, दुसरं एखादं औषध? यातलंच वेगळं?"

"ही सगळी चुलत भावंडं, बाई. एकाची सवय दुसऱ्याला चालते."

मग डॉ. कुलगोडांकडे. धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते दचकतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मलाही तसंच दिसतंय. लार्गॅक्टिल जोडीला देतोय, त्यानं थोडा आधार होतो, थोडाच. मग काय देऊ, सांगा?"

ठाऊक असून काय उपयोग, हे मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

औषध वाढवलं. झटके थांबले आणि त्यांच्याबरोबर श्वासही. ओठ निळे पडले. डॉ. कुलगोडांनी नाका-तोंडावर मुखवटा धरून रबरी फुगा दाबला, तेव्हा हळूहळू छाती आपली आपण हलायला लागली. वैनी दारात उभी होती. तिला वाटलं, आवाज ऐकून आपण आत आलो म्हणून हे झालं. तिला समजावता समजावता मीच थकले.

कमी दिलं तर पाठ मोडेल असा झटका, जास्त दिलं तर श्वास जातो. हीच ती गल्ली. मला उपमा आवडली होती.

शनिवार, ५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आबांना आणि वैनीला बोलावलं. मी मधे उभी राहिले.

म्हणाले, एकच वाट उरली आहे. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची. मग असं औषध द्यायचं की सगळे स्नायू सैल पडतील, विषाला ओढायला काही उरणार नाही. पण श्वासाचेही स्नायू सैल पडणार. म्हणजे त्याचा श्वास आपण घ्यायचा. यंत्र इथं नाही. पुण्याच्या रस्त्यात टिकणार नाही. इथंच, हातानं फुगा दाबायचा. दिवसरात्र, विष उतरेपर्यंत. पंधरा दिवस, तीन आठवडे, सांगता येत नाही.

"माझ्याकडे इतकी माणसं नाहीत," ते म्हणाले.

आबा उठून उभे राहिले. "डाक्टरसायेब, मानसं हायती."

रविवार, ६ फेब्रुवारी

वस्तीतली माणसं पहिल्या एस.टी.नं आली. केरबाकाका, सिद्धू, आणखी कितीतरी, पोटापाण्याचं काम टाकून. डॉक्टरांनी एकेकाला शिकवलं. "तुम्ही स्वतः श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा. घाई नको, थांबायचं नाही." केरबाकाकांनी तर आधी हात धुऊन बुद्धवंदना म्हटली आणि मगच फुग्याला हात लावला.

नळी बसली. औषध गेलं. दादाचं अंग सुटलं. ओढलेली बोटं उघडली, चेहऱ्यावरचं ते भयंकर हसू गेलं. आठ दिवसांनी मला माझा भाऊ दिसला. नर्सनं डोळ्यांवर ओला कापूस ठेवला.

झोपेचं औषध आहे तेवढंच चालू ठेवलंय. अंग हलतच नाही तर वाढवायचं कशाला, उगाच रक्तदाब उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. मलाही पटलं. आज दादा खरा झोपलाय. मीही खोलीवर जाऊन झोपले.

सोमवार, ७ फेब्रुवारी

गुंडाअण्णा आले. धोतर, फेटा, हातात केळी. फुग्यापाशी बसलेल्या सिद्धूला म्हणाले, "सर रं जरा," आणि स्वतः बसले. आबा घाईनं उठले, "अण्णा, तुमी कशाला? मानसं हायती की."

"आसूं देत. माझ्याच फडातला बुडखा न्हवं त्यो?"

दुपार उलटेपर्यंत बसले. आष्ट्यात त्यांच्या घरी आमच्यासाठी कपबशी वेगळी असते, अंगणातल्या कोनाड्यात. ते मी विसरले नाही. दादाचा प्राण त्यांच्या मुठीत होता तेव्हाही विसरले नाही. मन असं का आहे माझं, कळत नाही.

माझ्याकडे नाडी मोजायचं काम आहे. वैनी दादाच्या कानाशी बसून बोलत असते. म्हस याली, रेडी झाली. धाकटा तुमची टोपी घालून हिंडतोय. ती बोलायला लागली की नाडी जोरात पळते, थांबली की उतरते. वैनीला म्हटलं, बोलत राहा, काळजाला जोर येतोय.

कापूस बदलताना दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळे मिटत नाहीत म्हणून ते कोरडे पडून पाझरतात, असं नर्सनं सांगितलं.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

आज गळ्याची नळी साफ करायला नर्स आली. कफ ओढायची नळी नुसती टेबलावर काढून ठेवली, चिमट्याचा आवाज झाला. अजून हात लावला नव्हता. नाडी माझ्या बोटांखाली उडाली.

झोपलेल्या माणसाला पुढं काय होणार ते कसं कळेल?

मी मनगट सोडलं नाही. नर्स गेली, नाडी उतरली. वैनीला खुणेनं बोलायला सांगितलं. चढली.

दहा दिवस औषध चालू आहे, आणि गळ्याला नळी बसल्यापासून वाढवलेलं नाही. रक्तात औषध आहे आणि तो जागा आहे. ससा जागा झाला की पालथा होतो, म्हणून आपल्याला कळतं. दादानं काय करायचं? त्याची तर पापणीही आपण सैल करून ठेवली आहे.

गळ्याला नळी, त्यातून ओढलेला कफ, सुया, आणि दर श्वासाला दुसऱ्याच्या हाताची वाट. रविवारपासून. आणि मी खोलीवर जाऊन झोपले.

डॉ. कुलगोडांना ओढतच आणलं. त्यांनी कापूस काढला, वाकले आणि कानात विचारलं, "आकाराम, ऐकू येतंय?" मी मनगट धरून होते. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खाली बसले.

म्हणाले, "श्वास आपल्या हातात आहे, म्हणून झोप वाढवता येईल. पण काळीज आपल्या हातात नाही. दहा दिवसांत त्याचे फार हाल झालेत. नाही सोसलं तर?"

मला विचारत होते. मी म्हटलं, "झोपवा."

आबांना विचारलं नाही. वैनीला विचारलं नाही. काय म्हणून विचारणार होते? की तो आत जागा आहे?

पेंटोथालचं ठिबक वाढवलं. वैनी बोलत होती. नाडी हलली नाही. मी देवधर्म मानत नाही, पण हात जोडले गेले.

बुधवार, ९ फेब्रुवारी

सकाळपासून रक्तदाब उतरत होता. डॉक्टरांनी ठिबक कमी केलं, दुसरी औषधं दिली, पायांखाली विटा लावून खाट उचलली. दुपारी नाडी बोटांना लागेना. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे मान हलवली.

फुग्यावर आबा होते.

"आबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. आबांना ऐकूच गेलं नाही. दाबलं, सोडलं, दाबलं.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबा म्हणाले, "दमलो न्हाई मी. आत्ताच बसलोय."

"आबा," मी म्हटलं. "दादा गेला."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग दादाच्या छातीकडे. हात चालूच होता. छाती वर येत होती, खाली जात होती, एकसारखी, जिवंत माणसासारखी.

"काय बोलतीस माले? छाती हलतीया न्हवं!"

"ती तुम्ही हलवताय, आबा."

"मग? चार दीस आमीच हलवतोय की. आज काय झालं?"

याचं उत्तर माझ्याजवळ आहे. विद्यार्थ्यांना मी ते फळ्यावर काढून दाखवते. दारात गुंडाअण्णा आपल्या पाळीसाठी येऊन उभे होते, बाह्या वर केलेल्या.

मी आबांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी दाबलं तेव्हा माझाही हात दाबला गेला. सोडलं तेव्हा मी त्यांची बोटं धरून ठेवली, पुन्हा मिटू दिली नाहीत. आबांच्या अंगात माझ्यापेक्षा जोर आहे. झटकली असती तर सुटली असती. त्यांनी झटकली नाहीत.

छाती खाली गेली ती खालीच राहिली.

रविवार, २० फेब्रुवारी

आष्टा. सरांनी निरोप पाठवलाय की घाई करू नका, ससे नाथाजी बघतोय. परत जाईन की नाही, ठरत नाही. गेले तर त्याच औषधांपाशी जायचं. नाही गेले तर ती दुसऱ्या कुणाच्या हातात असणारच.

गेले दहा दिवस वैनीसमोर एकटी बसायचं टाळत होते. आज चुकवता आलं नाही. आबा बाहेर गेले होते, धाकटा झोपला होता. वैनी अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी शेजारी बसले.

"वन्सं, एक इचारू का?"

मला वाटलं, आता विचारणार, झोपेतच गेले न्हवं? उत्तर तयार होतं. होय, गाढ झोपेत, काही कळलं नाही. पाठ करून ठेवलं होतं.

"त्या दिशी डाक्टरनं वाकून त्यांच्या कानात हाक मारली," वैनी म्हणाली. "तवा तुमी नाडी धरली हुती. मी तुमचं त्वांड बघत हुते. ऐकलं हुतं न्हवं त्यांनी?"

माझी मान हलली. नको असताना हलली.

वैनीच्या हातातला घाटा तसाच राहिला. डोळे भरले आणि गालांवर ओघळले, तिनं पुसले नाहीत.

"म्हंजी मी बोलत हुते त्ये बी ऐकलं आसंल. समदं."

"हो, वैनी."

"मला वाटायचं, मी भिताडाशी बोलतीया. सिद्धू हसायचा बी." आणि ती हसली, रडता रडता. "ऐकत हुतं ते. लय बरं झालं, वन्सं. लय बरं झालं."

मी सुपातले घाटे पुढं ओढले आणि सोलायला लागले.